शाडू कुठला आणि गणपती कुठला? 'ईना मीना डीका'ची जन्मकथा

(रोहे येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. बाकी भाषा व्याख्यानातलीच ठेवली आहे.)



मागचं व्याख्यान पेणला झालं होतं. विषय होता 'कारण म्हणजे काय'. व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सर, मडकं आणि कुंभार, धागे आणि कापड, हे सगळं समजलं. पण हजार वर्षं तीच उदाहरणं चालली आहेत. आमच्या जगण्यातलं एखादं घ्या की!" त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं. म्हणून आज एक गाणं घेतलं आहे. तुम्हा सगळ्यांना ते पाठ आहे, लग्नाच्या वरातीत ऐकलेलं आहे, आणि त्याचा अर्थ विचारला तर एकालाही सांगता येणार नाही. 'ईना मीना डीका'.

हसू नका. हसण्यासारखंच गाणं आहे, पण त्याच्या पोटात मोठा प्रश्न आहे. तो असा की, एखादी गोष्ट 'आपली' आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? आणि रोहे म्हणजे चिंतामणराव देशमुखांचं गाव. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांच्या गावात उसनवारीचा विषय काढायचा, तर हिशेब नीट मांडावा लागेल.

हा विषय आम्ही निवडला त्याला एक खासगी कारणही आहे. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं कुणासाठी चाललं आहे ते कळेल.

जानेवारी 1982. आम्ही तेव्हा तरुण प्राध्यापक होतो आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या समितीवर होतो. 5 जानेवारीला संगीतकार सी. रामचंद्र गेले. दोन-चार दिवसांत पेणचा एक विद्यार्थी आमच्याकडे आला. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, मुलगाही वाजवायचा. तो म्हणाला, "सर, अण्णांना श्रद्धांजली म्हणून मला 'ईना मीना डीका' वाजवायचं आहे." आम्ही यादी पाहिली आणि म्हणालो, "दुसरं काहीतरी बसव. हे आपलं नाही. इंग्रजी धांगडधिंगा आहे हा." पोरगा क्षणभर थांबला. म्हणाला, "सर, माझी आजी गोव्याकडची. तिला काही नको असलं की ती जे म्हणते, तेच या गाण्यात आहे. मग आपलं कसं नाही?" आम्ही म्हणालो, "वाद घालू नकोस. जा."

तो गेला. संमेलनात त्याने काहीच वाजवलं नाही. आज जे बोलायचं आहे ते खरं म्हणजे त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर आहे. चाळीस वर्षांहून जास्त उशीर झाला आहे.

गाण्याची साधी माहिती

आधी कोरडी माहिती. चित्रपट 'आशा', साल 1957, दिग्दर्शक एम. व्ही. रामन. संगीत सी. रामचंद्र, शब्द राजेंद्र कृष्ण. गाणं दोनदा येतं, एकदा किशोरकुमारच्या आवाजात आणि एकदा आशा भोसले यांच्या. सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म 12 जानेवारी 1918, गाव पुणतांबे, नगर जिल्ह्यातलं, गोदाकाठचं. शिक्षण कुठे, तर गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे. म्हणजे ग्वाल्हेरची शिस्त. पुढे सिनेमात नट व्हायला आले, तिथे जमलं नाही. मग पेटीवाले झाले, तिथून संगीतकार झाले. गायचे तेव्हा 'चितळकर' या नावाने गायचे.

आता बघा, ग्वाल्हेर गायकीत शिकलेला नगर जिल्ह्यातला माणूस हे गाणं कसा करतो? हे समजायचं तर गाण्याचा मालमसाला कुठून कुठून आला ते पाहावं लागेल. पहिला माल म्हणजे त्याची लय.

डोलणारा ठोका

सगळ्यांनी टाळी वाजवा. एक, दोन, तीन, चार. आपण नैसर्गिकपणे एकवर आणि तीनवर जोर देतो. आता जोर दोनवर आणि चारवर द्या. एक, *दोन*, तीन, *चार*. बघा, मान हलायला लागली. ही पहिली गंमत.

दुसरी गंमत जास्त बारीक आहे. एका ठोक्यात दोन सूर बसवायचे आहेत. सरळ वाटणी केली तर अर्धा-अर्धा येतो, टा-टा, टा-टा. घड्याळासारखं. पण ठोक्याचे तीन भाग कल्पा. पहिल्या सुराला दोन भाग द्या, दुसऱ्याला एक. टाऽ-ट, टाऽ-ट, टाऽ-ट. पाय आपोआप उचलतो. या डोलण्याला अमेरिकेत 'स्विंग' म्हणतात. दोनास एक हे प्रमाणही कायम नसतं. लय वाढली की वाटणी पुन्हा समसमान होऊ लागते. म्हणून हे कागदावर नेमकं लिहिता येत नाही, कानानेच शिकावं लागतं. आपल्याकडेही भजनी ठेका वाजवणारा चांगला पखवाजवाला मात्रा काट्यावर वाजवत नाही, किंचित डोलवतो. तो डोल कुणी लिहून दिलेला नसतो.

ही स्विंगची लय अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जॅझमधून आली. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या वस्त्यांत, चर्चमध्ये, नाचघरांत ती घडली. 1935 च्या सुमारास सगळी अमेरिका तिच्यावर नाचू लागली.

टेक्सासचा फिडलवाला

याच सुमारास टेक्सास-ओक्लाहोमाच्या बाजूला एक मजेदार प्रकार चालला होता. तिथले गोरे शेतकरी फिडल वाजवायचे. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण गावठी ढंगाने वाजवलेलं. बॉब विल्स नावाचा एक फिडलवाला, जन्म 1905. बाप फिडलवाला. लहानपणी कापसाच्या शेतात काळ्या मजुरांबरोबर राबला, त्यांची गाणी कानात बसली. पुढे न्यू मेक्सिकोत काही काळ न्हाव्याचं काम केलं आणि तिथल्या मेक्सिकन लोकांच्या नाचांत वाजवलं. या सगळ्याची त्याने मिसळ केली. फिडल गावचं, लय काळ्यांची, चालीचं वळण मेक्सिकन. वर ड्रम, ट्रम्पेट, सॅक्सोफोन. या प्रकाराला पुढे 'वेस्टर्न स्विंग' नाव पडलं.

त्याचं सगळ्यांत गाजलेलं गाणं 'सॅन अँटोनियो रोझ'. आधी त्याच्याकडे 'स्पॅनिश टू स्टेप' नावाची एक धून होती, मेक्सिकन नाचांसाठी केलेली. तीच उलटसुलट करून 1938 मध्ये ही नवी धून निघाली, बिनशब्दांची. 1940 मध्ये तिला शब्द दिले आणि आश्चर्य म्हणजे त्या ध्वनिमुद्रणात फिडल वगळून ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा ठेवला. फिडलवाल्याचं सगळ्यांत प्रसिद्ध गाणं, आणि त्यात फिडल नाही! मग बिंग क्रॉस्बी या मोठ्या गायकाने ते गायलं आणि ते देशभर झालं. आता सांगा, यातलं 'मूळ' गाणं कोणतं?

वेस्टर्न स्विंगची दुसरी एक गोष्ट इतकी गोड नाही. बॉब विल्सच्या ताफ्याची 'स्टील गिटार रॅग' ही धून 1936 मध्ये गाजली. ती त्याच्या तरुण गिटारवाल्याच्या नावावर आहे, लिऑन मॅकॉलिफच्या. पण सिल्व्हेस्टर वीव्हर नावाच्या काळ्या वादकाने 1923 मध्येच 'गिटार रॅग' ध्वनिमुद्रित केलं होतं, आणि नवी धून त्याच्यावरच उभी आहे. मॅकॉलिफचं नाव झालं, वीव्हर विस्मरणात गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

वेस्टर्न स्विंगचा आणि आपल्या गाण्याचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. सांगतो. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस बिल हेली नावाचा एक गायक होता. त्याच्या ताफ्याचं नावच 'फोर एसेस ऑफ वेस्टर्न स्विंग'. पुढे त्याने ताफ्याचं नाव बदललं, काळ्यांच्या ऱ्हिदम अँड ब्लूजचा जोर वाढवला आणि 1954 मध्ये 'रॉक अराउंड द क्लॉक' ध्वनिमुद्रित केलं. पुढच्या वर्षी एका चित्रपटात ते वाजलं आणि जगभर पोरं खुर्च्यांवरून उठून नाचू लागली. रॉक अँड रोल म्हणतात ते हेच. त्यानंतर दोन वर्षांत मुंबईत 'आशा' येतो. 'ईना मीना डीका'त जो उसळता रॉक अँड रोल आहे, त्याचा एक आजोबा टेक्सासचा फिडलवाला आहे. दुसरे आजोबा-पणजोबा काळे वादक आहेत.

गोव्याचे मास्तर आणि ताजमहाल हॉटेल

पण लय जहाजातून पेटीत घालून येत नाही. ती वाजवणारी माणसं लागतात. मुंबईत ती होती, आणि ती गोव्याहून आली होती.

गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना संगीत शिकवलं जायचं. स्वरलिपी वाचायची, व्हायोलिन धरायचं, चर्चच्या गायनवृंदात गायचं. शिकवणाऱ्याला मास्तर म्हणत. शिक्षण मिळालं, पण गोव्यात पोट भरेल असं काम नव्हतं. म्हणून ही मुलं ब्रिटिश हिंदुस्थानात आली आणि लष्करी बँडमध्ये, संस्थानिकांच्या ताफ्यांत, मूकपटांच्या थिएटरांत आणि हॉटेलांत वाजवू लागली.

1935 मध्ये लिऑन ॲबी हा काळा अमेरिकन वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग टेडी वेदरफोर्डसारखे पियानोवाले आले. गोव्याच्या पोरांनी चर्चमध्ये बाख वाचला होता. आता त्यांनी डोलणारा ठोका प्रत्यक्ष कानांनी ऐकला आणि उचलला. त्यातला एक हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट असं वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. धंद्यातलं नाव चिक चॉकलेट. रात्री हॉटेलात वाजवायचं आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत.

आणि सिनेमात या वादकांना बरोबर घेऊन काम करणारे म्हणजे आपले पुणतांब्याचे अण्णा. 1947 मध्ये 'शहनाई' चित्रपटातलं 'आना मेरी जान संडे के संडे' आलं आणि रस्त्यारस्त्यावर ते वाजू लागलं. 1950 मध्ये 'समाधी'तलं 'गोरे गोरे ओ बांके छोरे' आलं. त्याचा मुखडा कार्मेन मिरांडाने 1945 च्या एका अमेरिकन चित्रपटात गायलेल्या 'चिको चिको'वरून उचललेला आहे, हे दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐकली की कुणालाही कळेल. 1951 मध्ये 'अलबेला' आला, भगवानदादांचा. त्यात चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक पडद्यावरही दिसतात. आणि भगवानदादा जे हलकेच कंबर डोलवत नाचले, तो नाच आजही पेणच्या विसर्जन मिरवणुकीत पाहायला मिळतो. नाचणाऱ्या पोरांना 'अलबेला' ठाऊकही नसतो.

खिडकीबाहेरची पोरं

आता त्या दिवसाकडे येऊ. ही गोष्ट अनेकांनी सांगितलेली आहे. सी. रामचंद्र आपल्या संगीताच्या खोलीत चाल बसवत होते. बाहेर पोरं खेळत होती आणि राज्य कुणावर येणार हे ठरवण्यासाठी इंग्रजी मोजणीचं गाणं म्हणत होती, 'ईनी मीनी मायनी मो'. अण्णांचे सहायक जॉन गोम्स सोबत होते, गोव्याचे. दोघांनी ते शब्द उचलले, मोडले, फिरवले आणि त्यातून पहिली ओळ झाली. मग एकाने एक शब्द टाकायचा, दुसऱ्याने दुसरा. त्यात गोम्सनी आपल्या घरातले दोन शब्द टाकले, 'माका नाका'. कोंकणीत त्याचा अर्थ 'मला नको'.

म्हणजे आमचा विद्यार्थी बरोबर होता. त्याच्या आजीचेच शब्द होते ते. सबंध निरर्थक गाण्यात सरळ अर्थ असलेले जे थोडे शब्द आहेत, त्यांत हे दोन आहेत. आणि आम्ही, तत्त्वज्ञानाचे डॉक्टर, त्याला सांगत होतो की हे आपलं नाही!

निरर्थक शब्दांचं म्हणाल, तर त्याचीही आपल्याला लाज वाटायचं कारण नाही. लुई आर्मस्ट्राँगने 1926 मध्ये 'हीबी जीबीज' गाताना शब्दांऐवजी नुसती अक्षरं फेकली, त्याला तिकडे 'स्कॅट' म्हणतात. आपल्याकडे तराणा आहे. दिर दिर, तोम, तनन यांचा कोशात अर्थ शोधायला कुणी जात नाही, तरी मैफल रंगते. अण्णांचे गुरू विनायकबुवा तर तराण्यासाठीच प्रसिद्ध होते. शिष्याने हे गाणं करताना गुरूचा तराणा आठवला होता असं आम्ही म्हणणार नाही. पण अक्षरांना अर्थ नसला तरी त्यांना वजन असतं, हे ज्याच्या कानाला लहानपणी कळलेलं असतं, त्याला असं गाणं करताना भीती वाटत नाही, एवढं नक्की. आणि तुमच्या-आमच्या अंगणात 'इरिंग मिरिंग' म्हणत पोरं राज्य ठरवत होतीच की.

त्या इंग्रजी मोजणीच्या गाण्याबद्दल एक कडू गोष्ट सांगायला हवी. त्याच्या जुन्या अमेरिकन रूपात काळ्या माणसांना दिली जाणारी एक शिवी होती. पुढे तिथे 'टायगर' शब्द आला. म्हणजे योगायोग बघा. ज्यांना त्या गाण्यात शिवी होती, त्यांचीच लय मुंबईत त्या गाण्याच्या शब्दांखाली आली. शिवी वाटेतच गळून पडली होती. माल उसना घेताना त्याला लागलेली घाणही घ्यावीच लागते असं नाही.

तीन कारणं

आता पेणच्या त्या गृहस्थांना दिलेलं वचन पाळतो. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' कारणाचे तीन प्रकार सांगतो. उदाहरण कापडाचं. धागे हे समवायी कारण, म्हणजे ज्यात कार्य राहतं ते. धाग्यांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. नुसते धागे म्हणजे गुंडाळी, कापड नव्हे. ते आडवे-उभे एकमेकांत गुंतले पाहिजेत. आणि विणकर, त्याचा माग, धोटा हे निमित्त कारण.

हे गाण्याला लावून बघा. धागे कोणते? काळ्यांची लय, पोरांची मोजणी, गोव्याचे दोन शब्द, ट्रम्पेट-गिटारचे सूर. विणकर कोण? सी. रामचंद्र. पण मधलं काय? कोणता सूर कोणत्या वाद्याने घ्यायचा, ट्रम्पेट कुठे घुसायचा, गायक श्वास घेतो तेवढ्यात कोणी काय भरायचं? हा संयोग. सिनेमात हे काम करणाऱ्याला अरेंजर म्हणत. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा, अरेंजर ती पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवायचा. त्या काळात हे काम करणारे बहुतेक गोव्याचे होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतली मोठी नावं.

शास्त्राला धरून बोलायचं तर अरेंजर हा माणूसही निमित्तच. असमवायी कारण म्हणजे त्याने घडवलेला संयोग, तो स्वतः नव्हे. नैय्यायिक मंडळी इथे बसली असतील तर त्यांनी आम्हाला पकडायच्या आत आम्हीच कबूल करतो. पण मुद्दा तोच राहतो. संयोग हे स्वतंत्र कारण आहे आणि ते घडवणारी माणसं होती. आपण मात्र गाण्याचा कर्ता म्हणून एकच नाव घेतो. रेडिओवर संगीतकार, गीतकार, गायक सांगितले जायचे. गुंफण करणारा बहुधा निनावीच राहायचा. अण्णांचा मोठेपणा याने कमी होत नाही. विणकराशिवाय धागे आपोआप कापड होत नाहीत. पण वाजवणाऱ्यांचं नाव न घेता आपण जो हिशेब मांडतो, तो कच्चा हिशेब आहे.

आणि आता शाडू. पेणमधल्या कोणत्याही कारखान्यात जा. शाडूची माती कुठून येते विचारा. गुजरातेतून येते, भावनगरच्या बाजूने. मग तो गणपती गुजराती झाला का? छे! तो पेणचा गणपती. मुंबई-पुण्यातच नव्हे, परदेशातही 'पेणचा गणपती' म्हणूनच जातो. का? कारण माती कुठलीही असो, ती मळणारा, साच्यातून काढल्यावर सांधे बुजवणारा, बोटं घडवणारा आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणारा हात पेणचा आहे. मूर्तीला नाव मिळतं ते हाताच्या गावाचं.

तरीही पेणचा कोणताही कारागीर, माती आमच्याच मागच्या डोंगरातली आहे, असं सांगत नाही. विचारलं तर सरळ सांगतो, भावनगरची. आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. *हाताने वस्तू आपली होते आणि माती कुठली ते सांगितल्याने आपण प्रामाणिक राहतो.* दोन्ही लागतं. हात नसेल तर ती नक्कल. मातीचं नाव लपवलं तर ती चोरी.

या कसोटीवर आपली गाणी तपासा. 'ईना मीना डीका'त हात भरपूर आहे. तिथे अमेरिकन गाणं उचललेलं नाही. लय घेतली, खेळातले शब्द घेतले आणि त्यांतून अमेरिकेत कुणी ऐकलं नव्हतं असं काही केलं. 'गोरे गोरे'मध्ये मुखडा उसना आहे, आणि ते कुठून आलं हे ऐकणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही. गाणं गोड आहे, आम्हीही गुणगुणतो. पण गोडी हा काही जमाखर्च नव्हे. आणि सिल्व्हेस्टर वीव्हरची गोष्ट आठवा. तिथे हातही होता, पण मातीचं नाव गेलं, आणि ती माती कुण्या जिवंत माणसाने मळून ठेवलेली होती.

तुमच्याच गावातलं उदाहरण देतो. धावीर महाराजांच्या पालखीला दसऱ्यानंतर पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते. ग्रामदेवतेला बंदुकीची सलामी, ही रीत काही पुराणातली नाही. ती इंग्रजी अमलातली. म्हणून ती रोह्याची नाही का? पालखी निघते तेव्हा रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला जाऊन विचारा. तो तुम्हाला वेड्यात काढेल. आणि लग्नातला बँड? क्लॅरिनेट, ट्रम्पेट पलटणीच्या बँडमधून आले. आज त्यांच्याशिवाय वरात हलत नाही.

"हे आपलं नाही" असं म्हणणाऱ्याने म्हणून आधी आपल्या घरातल्या वस्तूंची यादी करावी. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. बटाटा तसाच आला. नाट्यसंगीताला साथ करणारी पेटीसुद्धा युरोपातली. हे सगळं परत करून टाकलं तर आपल्याकडे जेवायला आणि गायला फार थोडं उरेल.

एक प्रश्न

व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं, "सर, असं म्हटलं तर उद्या कुणीही काहीही उचलेल आणि म्हणेल, माझा हात लागला. आमच्या कोळ्यांची, आगऱ्यांची गाणी लोक उचलतात, वर स्वतःचं नाव लावतात. तिथे तुम्ही काय म्हणाल?"

प्रश्न फार चांगला आहे. उत्तर असं की, कसोटी तीच, पण ती मोठ्याला कडक लावायची. अण्णा जेव्हा अमेरिकन लय घेत होते, तेव्हा घेणारा लहान होता आणि ज्या बाजारातून घेतलं तो मोठा. मोठा बाजार जेव्हा लग्नात गाणाऱ्या धवलारणीची चाल उचलतो, तेव्हा ती बाई कोर्टात जाऊ शकत नाही, वर्तमानपत्रात लिहू शकत नाही. तिथे नुसता हात लागला म्हणून चालणार नाही. गावाचं नाव घ्या, गाणारीचं नाव घ्या, आणि पैसे मिळाले असतील तर तिचा वाटा तिला द्या. ज्याला आवाज उठवता येत नाही त्याचं देणं आधी फेडायचं. वीव्हरच्या बाबतीत जे झालं ते आपल्या किनाऱ्यावर होऊ द्यायचं नसेल, तर हाच एक मार्ग आहे. तुमच्या घरात गाणाऱ्या बायका असतील तर आजच त्यांची गाणी नावासकट टिपून ठेवा.

शेवटचं

त्या विद्यार्थ्याचं काय झालं? बरेच दिवसांनी पेणच्या एका वरातीत तो आम्हाला दिसला. नोकरी सांभाळून सीझनला वडिलांच्या बँडमध्ये वाजवत होता. आम्हाला पाहिलं, नमस्कार केला आणि पुन्हा क्लॅरिनेट ओठाला लावलं. वाजवायला घेतलं तेच गाणं. आमच्यासाठी मुद्दाम की वरातवाल्यांची फर्माईश होती, ते आम्ही विचारलं नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून पूर्ण ऐकलं. क्लॅरिनेट डोलत होतं, टाऽ-ट, टाऽ-ट. तो डोल टेक्सासचा होता, काळ्यांचा होता, हळदोण्याचा होता. आणि त्या रात्री तो पेणचाही होता, याबद्दल आमच्या मनात काही शंका राहिली नाही.

माफी मागायचं तेव्हा सुचलं नाही. प्राध्यापकांना बऱ्याच गोष्टी उशिरा सुचतात. तो हे ऐकत असेल तर एवढंच सांगतो: बाबा रे, तुझं बरोबर होतं.

पुढच्या वेळी पेणला भेटू. 'नक्कल म्हणजे काय' हा विषय घेऊ, आणि जमलं तर एखाद्या मूर्तिशाळेतच बसून बोलू.